हिरवी चिंधी

टाकीतला शेवटचा घोट आठही नोझलमधून फुरफुरत बाहेर पडला आणि मी मोटार बंद केली. पॅव्हेलियनवरच्या घड्याळात साडेनऊ वाजले होते. सात वाजता पलीकडच्या कुंपणापासून सुरुवात केली होती. मधली खेळपट्टी सोडून सगळं मैदान अडीच तासांत फवारून झालं होतं.

"झालं का गं?" कडुनिंबाखालून आत्यांनी हाक मारली.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरीला टेकल्या होत्या, पण कामाला आल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दसऱ्याचा दुसरा दिवस असल्यामुळे आमच्या खुरपणीच्या बायका सुट्टीवर होत्या. मैदानावर आम्ही दोघीच होतो.

मी फवारगाडा सावलीत ओढून आणला. हा गाडा माझ्या डोक्यातून निघाला होता. सायकलची दोन चाकं, मधे निळा पिंप, बॅटरीवरची मोटार आणि मागे आडव्या नळीवर आठ नोझल. हडपसरच्या एका फिटरला समोर बसवून तीन वेळा मोडायला लावला, तेव्हा कुठे तो मनासारखा झाला. पाठीवरच्या पंपाने दोन दिवस लागायचे ते काम गाडा एका सकाळी उरकायचा. हा गाडा बघूनच पुण्याबाहेरच्या त्या क्लबने आपल्या नव्या क्रिकेट मैदानाची हिरवळ माझ्याकडे दिली होती. दिवाळीनंतरच्या रविवारी मैदानाचा पहिला सामना होता. बंगल्यांची अंगणं सोडून एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं. ते बिघडलं असतं तर पुन्हा कुणी मला फाटकाच्या आत घेतलं नसतं.

आत्यांनी कालच्या पुरणपोळ्या फडक्यातून काढल्या.

"गाडा कसा लखलखतोय बघ," त्या म्हणाल्या. "परवा खंडेनवमीला एक अवजार सोडलं न्हाई म्या. कातरी, खुरपी, पंप, समदं घासलं. तुझं ते औषधाचं डबेबी पुसून काढलं. आणि त्या चिंध्या! शी, किती मळल्या व्हत्या. सोडल्या नि चुलीत टाकल्या."

"कुठल्या चिंध्या?"

"डब्यांच्या मुठींना बांधलेल्या. घाबरू नगं, नव्या बांधल्यात. माझ्या लुगड्याची हिरवी नि जुन्या खणाची तांबडी."

माझा घास तोंडातच थांबला.

"आत्या, हिरवी कुठल्या डब्याला बांधलीत?"

"कुठल्या म्हंजी? दोन डबे, दोन चिंध्या."

"आधी जी ज्याला होती तीच बांधली ना?"

"आता ते कुणाला ध्यानात ऱ्हातंय? दिष्ट लागू नये म्हणून तू बांधलंयस, तर कुठलीबी कुठंबी. दिष्टीला काय रंग कळतोय?"

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

माझ्याकडे औषधाचे दोन डबे असायचे. एकाच कंपनीचे, दोन्ही पांढरे, दोन्हींचं झाकण निळं. एकातलं औषध हिरवळीतलं रुंद पानांचं तण मारायचं आणि हिरवळीला हात लावायचं नाही. दुसऱ्यातलं औषध जे हिरवं दिसेल ते मारायचं. आम्ही ते आमच्या नर्सरीतल्या वाटांवर आणि नव्या वाफ्यांच्या जागेवर वापरायचो. पहिल्याला हिरवी चिंधी, दुसऱ्याला तांबडी. सकाळी नर्सरीतून निघताना मी हिरव्या चिंधीचा डबा उचलला होता आणि तोच पिंपात ओतला होता.

चिंध्यांचा अर्थ मी कुणालाच सांगितला नव्हता. आत्यांनाही नाही. अर्थ सांगितला असता तर कारणही सांगावं लागलं असतं.

"डब्यावर लिहिलं असंल ना काहीतरी?" आत्यांनी विचारलं. त्यांनी पोळी खाली ठेवली होती आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

गळ्यातला चष्मा मी डोळ्यांवर चढवला. डबा गाड्याला टांगलेला होता तो काढला आणि तोंडासमोर धरला. कागदावर काळ्या अक्षरांच्या ओळी होत्या, खाली लाल चौकटीत आणखी ओळी. आकडे तेवढे मला कळायचे. बाकी सगळं मुंग्यांच्या रांगेसारखं होतं. आमचे मालक, म्हणजे आत्यांचा मुलगा, करारावर सही करायच्या आधी जेवढा वेळ घ्यायचे, तेवढा वेळ मी त्या कागदाकडे पाहिलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "तणाचंच आहे."

"मग खा की," आत्या म्हणाल्या.

मी खाल्लं नाही. हाताला औषधाचा वास येतोय म्हणाले आणि नळावर जाऊन हात धूत राहिले.

मालक जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ते कॉलेजच्या बागेत माळी होते, लिहायला-वाचायला येत होतं, बाहेरची कामं तेच धरायचे. ते गेल्यावर पहिल्यांदा एका बंगल्यावर मी एकटी गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "औषधं-बिषधं तुम्हाला वाचता येतात ना? माझी मुलं खेळतात अंगणात." मी मान हलवली. घरी येऊन मालकांचा चष्मा काढला, चष्मेवाल्याकडून त्यात साधी काच बसवून घेतली आणि दोरीने गळ्यात अडकवला. खिशाला लावायचं त्यांचं पेन पोलक्याला लावलं. सही मी चित्र काढावं तशी गिरवून शिकले. रोज सकाळी ओट्यावर पेपर उघडून बसायचे. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमची चांगुणा सगळा पेपर वाचून काढती." त्या चष्म्यावर पाच वर्षं निभावलं होतं.

नळ बंद करून मी मैदानाकडे पाहिलं. ते इतकं हिरवं होतं की बघवेना. हे औषध वाईट अशासाठी की ते लगेच काही दाखवत नाही. पान पितं, पानातून मुळात जातं, आणि आठवडाभर वरून सगळं आलबेल दिसत राहतं. मार्केट यार्डातल्या दुकानदाराचे शब्द मला पाठ होते. वाचता न येणाऱ्याला पाठच करावं लागतं. 'मारल्यावर सहा तास पाण्याचा थेंब नको. त्याआधी पाणी पडलं की औषध धुऊन गेलं.' म्हणजे आत्ता पाणी सोडलं तर वाचण्यासारखं होतं. जेवढं लवकर तेवढं जास्त वाचणार. दसऱ्याचं ऊन चढत होतं आणि उन्हात पान भराभर पितं.

पाण्याचा कॉक ओगले साहेबांच्या ताब्यात होता. ओगले साहेब त्या मैदानाचे प्रमुख. उंच, काटकुळे, डोक्यावर कायम पांढरी टोपी, हातात एक लोखंडी सळई. ती जमिनीत खुपसून ओल किती खोल आहे ते बघत फिरायचे. ते ऑफिसच्या पायरीवर चहा पीत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा सव्वादहा झाले होते. अर्धा तास मी नुसता नळ आणि झाड यांच्यामध्ये घालवला होता.

"काय चांगुणाबाई, उरकलं?"

"उरकलं साहेब. जरा पाणी सोडता का?"

"पाणी?" त्यांनी कप खाली ठेवला. "काल तुम्हीच मला बजावलंत, फवारणीनंतर सहा तास थेंब नको. मी टँकरवाल्याला पण परत पाठवलं."

"ऊन फार आहे. हिरवळ कोमेजेल."

"हरळीची जात ती. वैशाखात कोमेजली नाही, ती आता कोमेजणार?" ते हसले. "सण झाला, दमलात तुम्ही. घरी जा, झोपा. पहिलंच मोठं काम आहे, धाकधूक होतेच माणसाला."

डबा समोर धरला असता आणि तीन शब्द बोलले असते तर झालं असतं. 'एवढं वाचून सांगा.' ते तीन शब्द जिभेवर आले आणि तिथेच राहिले. हा माणूस हसेल, मग क्लबात सांगेल, मग ज्या बंगल्यांत मुलं खेळतात तिथे ते पोचेल. पाच वर्षं ही बाई न वाचता आमच्या अंगणात विष ओतत होती. मी मान डोलावली आणि परत फिरले.

आत्यांनी जेवण गुंडाळून ठेवलं होतं. पोळ्या तशाच होत्या. त्यांनीही खाल्लं नव्हतं.

"काय म्हणाला साहेब?"

"काही नाही. सहज गेले होते."

"बस इथं."

मी बसले. आत्या माझ्याकडे न बघता मैदानाकडे बघत बोलू लागल्या.

"माझा बाप पोथी वाचायचा. म्या ल्हानपणी समोर बसून त्याचं डोळं बघायची. वाचणाऱ्याचं डोळं हलत्यात, चांगुणा. हिकडनं तिकडं, पुन्यांदा हिकडं. आत्ता डबा धरलास तवा तुझं हललं न्हाईत. रोज पेपर घिऊन बसतीस तवाबी हलत न्हाईत."

मी त्यांच्याकडे वळले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाच वर्सं."

"मग लोकांना का सांगत होतात, पेपर वाचते म्हणून?"

"सांगितलं म्हणून तर कामं मिळाली," आत्या म्हणाल्या. "आता सांग. त्या चिंध्या दिष्टीच्या नव्हत्या ना?"

मी सगळं सांगितलं. आत्यांचा हात हळूहळू तोंडाकडे गेला. त्या बाईला मी सासरे गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं, मुलगा गेला तेव्हा पाहिलं होतं. घाबरलेलं त्या दिवशी पाहिलं.

"मग हितं का बसलीस?" त्या एकदम उठल्या. "ऊठ! डबा घे!"

"आत्या, त्यांना कळेल."

"काय कळंल? तो चष्मा आण हिकडं." त्यांनी माझ्या गळ्यातली दोरी ओढून काढली आणि चष्मा आपल्या पानाच्या चंचीत कोंबला. "तुझा चष्मा घरी ऱ्हायला. समजलं? चष्म्याबिगर दिसत न्हाई, म्हातारीनं डबे पुसताना घोळ घातला, साहेब, एवढं वाचा. चल."

त्यांच्या मागे मी धावत गेले. पावणेअकरा झाले होते. पायरीवर आत्याच बोलल्या, एका दमात. मी नुसता डबा पुढे केला. ओगले साहेबांनी तो हातात घेतला, लांब धरला, आणि शांतपणे वाचायला सुरुवात केली. त्यांचे डोळे हलत होते. मला दुसरं काहीच दिसत नव्हतं.

"'सर्व प्रकारच्या... हिरव्या वनस्पतींचा... मुळासकट नायनाट करते.'" त्यांचा आवाज खाली गेला. "'उभ्या पिकावर अथवा हिरवळीवर वापरू नये.'"

डबा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"बाई, हे माझ्या मैदानावर आहे?"

मी मान हलवली.

पुढचं त्यांनी पळतच विचारलं, मीही पळतच उत्तर दिलं. मैदानात स्प्रिंकलरच्या चार लाइन होत्या. पाण्याचा दाब कमी असल्यामुळे एका वेळी एकच चालायची, आणि औषध धुऊन निघायचं तर एकेका लाइनला पंचवीस मिनिटं लागणार होती.

"सुरुवात कुठून केलीत?"

"पलीकडून. चौथ्या लाइनपासून."

"म्हणजे चौथीनं सगळ्यात जास्त प्यायलंय." ते कॉकपाशी क्षणभर थांबले. "पहिल्या लाइनपासून सोडतो. जे वाचण्यासारखं आहे ते आधी वाचवू. चौथी शेवटी."

पाणी फुसफुसलं, उसळलं आणि गोल फिरायला लागलं. वाऱ्याने त्याचे थेंब आमच्या अंगावर येत होते. आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो. पहिली लाइन संपत आली तेव्हा ओगले साहेब म्हणाले, "एक विचारू? सकाळी सातला तुम्ही डबा ओतत होता तेव्हा मी गच्चीवर होतो. चष्मा होता तुमच्या डोळ्यांवर."

आत्या काहीतरी बोलायला गेल्या.

"आजी, थांबा. मला बाईंकडून ऐकायचंय. चष्मा लावून, डबा हातात धरून, यावर जे लिहिलंय ते बघून तुम्ही ओतलंत. का? दुसऱ्या कुणी सांगितलं होतं? हे मैदान व्हायला नको असणारी माणसं आहेत, मला ठाऊक आहेत ती."

असं काही त्यांच्या मनात येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मुद्दाम हिरवळ मारणारी बाई. मी आत्यांच्या चंचीत हात घातला, चष्मा बाहेर काढला आणि साहेबांच्या हातात दिला.

"घालून बघा."

त्यांनी घातला. मैदानाकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडे, मग डब्याकडे.

"ही तर साधी काच आहे."

"होय."

"म्हणजे..." त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला वाचता येत नाही?"

"नाही."

"करारावर सही केलीत."

"सही येते. तेवढीच येते."

"करारात काय लिहिलंय ते तरी माहीत आहे? तुमच्या औषधानं हिरवळ गेली तर ती तुमच्या नर्सरीतून भरून द्यायची. आणि काम काढून घ्यायचा अधिकार माझ्याकडे."

"माहीत नव्हतं. आता कळलं."

ते कॉक बदलायला गेले. दुसरी लाइन सुरू झाली. परत आल्यावर मला वाटलं, आता हाकलतील. पण ते एवढंच म्हणाले, "रोज सकाळी यायचं. जे काय होईल ते आपण दोघं बघू."

चौथ्या लाइनचं पाणी बंद झालं तेव्हा साडेबारा होत आले होते.

त्यानंतरचे दहा दिवस मला आजही नीट सांगता येत नाहीत. रोज उजाडता मी मैदानावर पोचायचे. चारही लाइनवर गुडघे टेकायचे, प्रत्येक ठिकाणचं एक पान उपटून त्याचं बूड बघायचे. पांढरं असेल तर जिवंत. ओगले साहेब सळई घेऊन मागे उभे असायचे. तिसऱ्या दिवशी सगळं हिरवं. पाचव्या दिवशी सगळं हिरवं. आत्या म्हणाल्या, "वाचलं गं!" मी म्हणाले, "गप बसा, आत्या." आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना तसं बोलले. त्या खरोखरच गप्प बसल्या. माझं जेवण तुटलं होतं. आणि जी हिरवळ लावायला मी अर्धं आयुष्य घालवलं, तिच्याकडे बघायचीच मला भीती वाटायला लागली होती. ती हिरवी होती आणि मला तिच्यावर विश्वास ठेवता येत नव्हता.

सातव्या दिवशी चौथ्या लाइनवरचं पान हाताला वेगळं लागलं. शेंडा वाळत घातलेल्या कोथिंबिरीसारखा. बूड पांढरं नव्हतं.

दहाव्या दिवशी पॅव्हेलियनच्या गच्चीवरून पाहिलं. पहिल्या दोन लाइन हिरव्या. तिसरी फिकी, पण तगलेली. चौथी गवताच्या गंजीच्या रंगाची, कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी लावून आखावी तशी.

"आजींनी तुम्हाला चिंध्यांचं किती वाजता सांगितलं?" ओगले साहेबांनी विचारलं.

"दहाला वीस कमी होती."

"तुम्ही माझ्याकडे उन्हाचं सांगायला आलात ते?"

"सव्वादहाला."

"आणि डबा घेऊन?"

"पावणेअकराला."

ते त्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत राहिले. "एका लाइनला पंचवीस मिनिटं," एवढंच म्हणाले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मला हिशेब येत होता. आकडे मला नेहमीच येत होते. एक तास आणि पाच मिनिटं मी नळावर, झाडाखाली आणि त्या पायरीवर घालवली होती, आणि ती आता सगळ्यांना दिसेल अशी तिथे पसरली होती.

उरुळीच्या नर्सरीत मी दोन वर्षं राखलेला वाफा होता, एका मोठ्या बागेसाठी वाढवलेला. तो सगळा कापला. मातीसकट पट्टे काढले, सतरंजीसारखे गुंडाळले, टेम्पोत घातले. आमच्या बायकांनी चार दिवसांत मेलेली हिरवळ खरवडून काढली आणि नवे पट्टे सांध्याला सांधा लावून बसवले. बायकांना मी काय झालं ते सांगितलं. एकजण म्हणाली, "अगं बया, म्हंजी इतके दिवस आमच्यासारखीच व्हतीस की!" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पुढचा पट्टा उलगडला.

सामन्याच्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभी राहिले. एक खेळाडू चेंडूमागे धावत नेमका चौथ्या लाइनवर घसरला, चांगला दहा-बारा फूट. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो उठून चेंडू फेकत होता. पट्टा जागचा हलला नव्हता.

संध्याकाळी ओगले साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. मी दारातच उभी राहिले.

"काम काढून घ्यायचं पत्र मी तयार केलं होतं," ते म्हणाले. "दिलं नाही. तुम्ही पळून गेला असतात, तर दिलं असतं. पण एक अट आहे. पुढची फवारणी जानेवारीत. ओतायच्या आधी डब्यावरचं सगळं मोठ्यानं वाचायचं. माझ्यासमोर, तुमच्या बायकांसमोर. वाचता आलं नाही तर गाडा फाटकाच्या आत येणार नाही."

"साहेब, मी बेचाळीस वर्षांची आहे."

"जानेवारीतही बेचाळीसच असाल."

गावातल्या अंगणवाडीच्या शैलाबाईंकडे मी दुपारी जायला लागले, मुलं घरी गेल्यावर. बुटक्या खुर्चीत बसता येत नसे म्हणून जमिनीवर बसायचे. औषधाची मला कधी भीती वाटली नव्हती, पण जोडाक्षर समोर आलं की तळहाताला घाम सुटायचा. आत्या सोबत यायच्या आणि दारात बसून वाती वळायच्या. शिकायच्या नाहीत. "माझं काय आता," म्हणायच्या, आणि मी अडले की माझ्याआधी त्याच उसासा टाकायच्या.

आता, इतक्या वर्षांनी, माझ्या स्वतःच्या कंपनीच्या फवारणी-यंत्रांना स्क्रीन असतात. कुठलं औषध, किती, वाऱ्याचा वेग काय, सगळं यंत्रच सांगतं. इंजिनिअर पोरी ते चालवतात. तरीही आमच्याकडे ओतण्याआधी डबा मोठ्याने वाचायचा असतो. नवीन आलेल्या हसतात. हसू देत.

जानेवारीतल्या त्या सकाळी दव होतं. गाडा फाटकाबाहेर उभा होता. आठ बायका, ओगले साहेब, आणि आत्या माझ्या अगदी समोर, हातभर अंतरावर. गळ्यात चष्मा नव्हता. डबा नवा होता, मुठीला चिंधी नव्हती. साहेबांनीच तो पिशवीतून काढून दिला होता. आत कुठलं औषध आहे ते मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

मी डबा तोंडासमोर धरला.

"'हिर... हिरवळी... तील,'" मी वाचलं. "'हिरवळीतील रुंद... पा-ना-च्या... पानाच्या तणां... साठी.'"

मी लाल चौकटीपर्यंत आले. तिथे जोडाक्षरं होती. "'मु-ला... मुलांच्या हाती... लागणार नाही... असे ठे-वा... ठेवावे.'" शेवटच्या ओळीपाशी मी अडकले, परत मागे गेले, पुन्हा आले, आणि ती संपवली.

डबा खाली केला. ओगले साहेब सळईने फाटकाची कडी वर उचलत होते. मी मात्र त्यांच्याकडे पाहिलं नाही. आत्यांकडे पाहिलं. एवढा वेळ त्या डब्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, एकटक, लहानपणी बापासमोर बसल्या असतील तशा.

"हललं," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. "हललं गं तुझं डोळं."